गच्चीवरचं अ‍ॅक्वापोनिक्स: खाद्याच्या मापाचा हिशेब

अ‍ॅक्वापोनिक्स म्हणजे माशांच्या टाकीतलं पाणी पंपाने खडीच्या वाफ्यांत फिरवून त्यावर भाजी वाढवणं. त्यात काही बिघडलं की लोक आधी पंप उघडतात, मग पाइप तपासतात आणि शेवटी झाडांवर मारायला औषध शोधतात. आधी पाहायला हवा तो खाद्याचा डबा. टाकीत रोज किती ग्रॅम खाद्य पडतं यावर पाण्यातला अमोनिया, पालकाची वाढ, सामू (पीएच) घसरण्याचा वेग आणि वाफा तुंबण्याची वेळ, सगळं अवलंबून असतं. म्हणून या लेखात एकच मांडणी धरून पूर्ण हिशेब दिला आहे: ५०० लिटरची टाकी, अर्ध्या चौरस मीटरचे तीन वाफे, प्रत्येकाची खोली ३० सेंटीमीटर. म्हणजे वाफ्यांचं एकूण आकारमान ४५० लिटर, जवळजवळ टाकीएवढंच. घरच्या मांडणीला हे प्रमाण चांगलं जुळतं.

या टाकीत जास्तीत जास्त ५ किलो मासे ठेवावेत. पूर्ण वाढीला २०० ग्रॅमचा मासा धरला तर २५ नग. मोठे मासे रोज वजनाच्या दीड टक्का खातात, म्हणजे ७५ ग्रॅम खाद्य. पालेभाजीच्या एक चौरस मीटर वाफ्याला दिवसाला ४० ते ५० ग्रॅम खाद्याचं पोषण लागतं, म्हणून दीड चौरस मीटरचा ताळा बसतो. टोमॅटो, वांगी, मिरची लावायची असेल तर चौरस मीटरला ५० ते ८० ग्रॅम धरा आणि त्या मानाने कमी वाफा वापरा.

गोंधळ होतो तो सुरुवातीला. बोटुकली, म्हणजे माशाचं बोटभर पिल्लू, १० ग्रॅमची असते, तेव्हा २५ माशांचं वजन भरतं पाव किलो. ती वजनाच्या चार-पाच टक्के खात असली तरी दिवसाला १०-१२ ग्रॅमच खाद्य लागतं. एवढ्यावर तिन्ही वाफे भरून लावले की पानं पिवळी पडणारच. मग कोणीतरी सांगतं, मासे वाढवा. वाढवू नका. पहिले दोन-तीन महिने एकाच वाफ्याचा अर्धा भाग लावा आणि मासे मोठे होतील तसं लावण वाढवा. बाकीचे वाफे रिकामे दिसले तरी त्यांतल्या खडीवर जिवाणू काम करतच असतात.

बांधण्याआधी वजन

हा भाग बहुतेक व्हिडिओंत नसतो. ३० सेंटीमीटर खडी आणि तिच्यातलं पाणी मिळून चौरस मीटरला साडेपाचशे किलोच्या आसपास वजन येतं. लोकांच्या वावराच्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार चौरस मीटरला साधारण १५० किलो असतो. भरलेल्या टाकीचं वजन वेगळंच. तेव्हा टाकी आणि वाफ्यांचे पाय तुळई-खांबांच्या रेषेवर यायला हवेत, आणि इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय एक विटही ठेवू नये. खडीऐवजी भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्या (दुकानात हायड्रोटन किंवा लेका म्हणून मिळतात) घेतल्या तर वजन निम्म्याहून खाली येतं, पैसे मात्र कित्येक पट लागतात. तळमजल्याचं अंगण असेल तर हा प्रश्नच येत नाही.

खडी १२ ते २० मिलिमीटरची घ्या. आपल्याकडची क्रशरची काळी बेसाल्ट खडी चालते, पण कच पूर्ण जाईपर्यंत धुवावी लागते आणि हे काम कंबर मोडणारं आहे. मूठभर खडीवर व्हिनेगर ओतून पाहा. बुडबुडे आले तर तिच्यात चुनखडी आहे. ती सामू आठच्या वर धरून ठेवेल आणि पुढे लोहाच्या कमतरतेचा त्रास होईल.

सायफन

वाफा भरायचा, एकदम रिकामा व्हायचा, पुन्हा भरायचा: सायफनचं काम एवढंच. रिकामा होताना खडीत हवा ओढली जाते आणि मुळांना, जिवाणूंना प्राणवायू मिळतो. अर्ध्या चौरस मीटरच्या वाफ्यासाठी २५ मिलिमीटरचा, २५ सेंटीमीटर उंच उभा पाइप पुरतो. त्याच्या डोक्यावर ४० बाय २५ चा रिड्यूसर उलटा बसवा, म्हणजे गाळणीसारखं तोंड तयार होतं. त्यावर एंड कॅप लावलेला ७५ मिलिमीटरचा पाइप म्हणजे बेल. तिच्या खालच्या कडेला अडीच सेंटीमीटर उंचीचे खाचे कापा. कॅप आणि उभ्या पाइपाच्या तोंडात दोन-अडीच सेंटीमीटर अंतर ठेवा. सगळ्याभोवती भोकं पाडलेला ११० मिलिमीटरचा पाइप, खडी आत येऊ नये म्हणून. वाफ्याच्या तळाला पाइप जोडणाऱ्या टँक निपलच्या सांध्याला सोल्युशन (पाइप चिकटवायचा गोंद) लावू नका, रबरी वॉशर पुरतो. पुढे साफसफाईला उभा पाइप काढता यायला हवा.

पाण्याची पातळी खडीच्या वरच्या थरापेक्षा पाच सेंटीमीटर खालीच राहिली पाहिजे. वरचा थर ओला राहिला की शेवाळ, चिलटं आणि खोडकूज तिन्ही येतात.

सायफन दोनच प्रकारे बिघडतो. पाणी उभ्या पाइपातून नुसतं झिरपत राहतं आणि वाफा रिकामा होत नाही, तेव्हा प्रवाह कमी असतो: पंपाची जाळी तुंबलेली, किंवा वाफ्याकडे जाणाऱ्या पाइपात गोगलगायी बसलेल्या. वाफा रिकामा झाल्यावरही सायफनची ओढ तुटत नाही आणि गुरगुरत राहतो, तेव्हा प्रवाह जास्त असतो. व्हॉल्व्ह थोडा बंद करा, किंवा बेलच्या कॅपमधून हवेची बारीक नळी काढून तिचं तोंड खाचांच्या उंचीवर आणा. ताशी ३०० लिटरही पाणी मिळत नसेल तर २० मिलिमीटरचा उभा पाइप लावून पाहा. ज्यांना ही कटकट नको त्यांनी टायमर घ्यावा: पंप १५ मिनिटं चालू, ४५ मिनिटं बंद, आणि उभ्या पाइपाच्या बुडाशी ६ मिलिमीटरचं भोक. दिसायला गमतीदार नाही, पण बिघडतही नाही.

पंप घेताना खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. तो शून्य उंचीचा असतो आणि सव्वा मीटर चढावर निम्माही राहत नाही कधीकधी. वाफ्याच्या तोंडाशी बादली धरून मोजा. तिन्ही वाफ्यांत मिळून तासाला टाकीच्या दीड-दोन पट पाणी फिरायला हवं. ४० वॉटचा पंप दिवसाला जेमतेम एक युनिट वीज घेतो.

आणखी एक गोष्ट. पंप टाकीच्या तळाशी ठेवायचा नाही, विटांवर २० सेंटीमीटर उंच ठेवायचा. रात्री पाइप निसटला तर पंप गच्चीवर पाणी ओतत राहील, पण तळाचं २० सेंटीमीटर पाणी माशांना उरेल. तिन्ही वाफे एकदम भरले की टाकीतून सुमारे दीडशे लिटर पाणी वर जातं, तेवढी चढउतार नेहमीची समजा.

जिवाणू आधी, मासे नंतर

माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया येतो, जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, नायट्रेट झाडं घेतात. हे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. पाणी २५ ते ३० अंशांवर असेल तर लवकर. या काळात मासे सोडण्यापेक्षा अमोनियम क्लोराइड वापरा. कल्हईचा नवसागर म्हणजे तेच, पण बाजारातल्या खड्यांत काय मिसळलं आहे सांगता येत नाही, म्हणून रसायनांच्या दुकानातून शुद्ध घ्या. ५०० लिटरला ४ ग्रॅम टाकले की अमोनिया २ पीपीएमच्या (लिटरला २ मिलिग्रॅमच्या) आसपास येतो. टाकलेला अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही २४ तासांत शून्यावर यायला लागले की बोटुकली आणा.

महापालिकेच्या पाण्यातलं क्लोरीन आधी घालवा: एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून २४ तास, किंवा घाई असेल तर १०० लिटरला एक ग्रॅम सोडियम थायोसल्फेट. पुढे भर घालतानाही हाच नियम.

मासे कोणते? शिकताना कोई किंवा सायप्रिनस. दोन्ही चिवट आहेत आणि नाशिक-पुण्याच्या थंडीत तग धरतात. खायला तिलापिया बरा, मात्र सुधारित गिफ्ट जातीला शासनाची परवानगी लागते. रोहू-कटल्याला ही टाकी लहान पडते. थाई मागूर कोणी कितीही स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नका, त्याच्या पालनावर बंदी आहे.

रोजचं काम आणि त्यामागचं गणित

३२ टक्के प्रथिनांचं ७५ ग्रॅम खाद्य दिवसाला साधारण सव्वादोन ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन तयार करतं. ५०० लिटरमध्ये हे साडेचार पीपीएम होतं. म्हणजे जिवाणूंनी एक दिवस सुट्टी घेतली तर दुसऱ्या सकाळी टाकी धोक्यात असते. पंप बंद पडला, क्लोरीनचं पाणी थेट ओतलं, माशांना अँटिबायोटिक दिलं, वाफा एका दमात धुऊन काढला, की जिवाणूंची सुट्टी सुरू होते. अशा कुठल्याही प्रसंगी पहिलं पाऊल एकच: खाद्य बंद. धडधाकट मासा आठवडाभर उपाशी राहू शकतो.

तरंगणारं खाद्य द्या, दिवसात दोनदा, पाच-दहा मिनिटांत संपेल एवढंच. उरलेलं जाळीने काढा. मासे नेहमीसारखे झेपावले नाहीत तर पुढचं खाद्य थांबवून पाणी तपासा. माशांची भूक ही टेस्ट किटच्या आधी बोलते. थंडीत पाणी २० अंशांखाली गेलं की माप निम्मं करा.

अमोनिया किती घातक हे सामू ठरवतो. २८ अंशांना सामू ७ असेल तर एकूण अमोनियातला ०.७ टक्के भाग विषारी रूपात असतो, सामू ८ ला साडेसहा टक्के. बोअरचं जड पाणी वापरणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं. तुमच्याकडचा १ पीपीएम हा दुसऱ्याच्या ९ पीपीएमइतका घातक असू शकतो.

दुसरीकडे जिवाणू पाण्यातली क्षारीयता (सामू घसरू न देणारे क्षार) सतत खात असतात. वरच्या हिशेबाने कागदावर दिवसाला १६ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटएवढी. झाडं त्यातली थोडी परत देतात, बोअरच्या पाण्याची भर थोडी देते, तरी काही महिन्यांनी सामू घसरतोच. सहाच्या खाली जिवाणू मंदावतात. सामू ६.५ ला आला की भर सुरू करा: एकदा चुना, पुढच्या वेळी पोटॅशियम बायकार्बोनेट, आलटूनपालटून, म्हणजे झाडांना कॅल्शियम आणि पोटॅशही मिळतं. एका वेळी ५ ग्रॅम, बादलीभर पाण्यात विरघळवून, वाफ्यात हळूहळू. दिवसात सामू ०.३ पेक्षा जास्त चढू देऊ नका.

पावसाळ्यात हे काम वाढतं. पावसाच्या पाण्यात क्षारीयता जवळपास नसते. उघड्या वाफ्यांवर आठवडाभर झड लागली की सामू कोसळतो आणि टाकी भरून वाहते. वर प्लास्टिक हवंच, आणि ओव्हरफ्लोच्या तोंडाला जाळी. बोअरवाल्यांना मात्र हेच पाणी वरदान आहे: पहिले एक-दोन पाऊस सोडून साठवा आणि भर घालायला वापरा.

उन्हाळा, वीज, पानं

३२ अंशांच्या पाण्यात प्राणवायू कितीही ढवळलं तरी लिटरला ७ मिलिग्रॅमच्या थोडाच वर राहतो आणि माशांना किमान ५ हवा. एप्रिल-मेमध्ये टाकीवर ५० टक्क्यांची शेडनेट, टाकीभोवती थर्मोकोल, आणि खाद्य सकाळी लवकर, कारण पोट भरल्यावर माशांची प्राणवायूची गरज वाढते. लोडशेडिंगसाठी बॅटरीवर चालणारा एअर पंप स्वतंत्र ठेवा. पूर्ण भरलेल्या टाकीत वीज गेल्यावर तासा-दोन तासांत मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. हवा नीट असूनही असं करत असतील तर नायट्राइट तपासा. वाढलेलं असेल तर खाद्य बंद करून ५०० लिटरला अर्धा किलो साधं, आयोडीन नसलेलं खडे मीठ विरघळवून घाला.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, म्हणजे लोह कमी. कृषी सेवा केंद्रात मागितलं की बहुधा इडीटीए प्रकारचं लोह हातात ठेवतात. ते सामू साडेसहाच्या वर टिकत नाही. सातच्या आसपास डीटीपीए (११ टक्क्यांचं असेल तर ५०० लिटरला ९ ग्रॅम), आठला ईडीडीएचए (६ टक्क्यांचं १७ ग्रॅम). ईडीडीएचएने पाणी लालसर होतं, घाबरू नका. जुन्या पानांच्या कडा करपल्या तर पोटॅश कमी. माशांच्या खाद्यात ते फारसं नसतंच.

फवारणीला जवळपास पूर्ण बंदी. मोरचुदाचं बोर्डो मिश्रण माशांना मारतं, साबणाचं पाणी कल्ले खराब करतं, आणि "नैसर्गिक" म्हणून निंबोळी तेलही निर्धोक नाही. मावा आणि पांढऱ्या माशीला पिवळे चिकट सापळे, पिठ्या ढेकणाला ओला बोळा, अळीला बीटी (अळी मारणाऱ्या जिवाणूचं औषध). पुदिना लावू नका, किंवा कुंडीसकट लावा. त्याची मुळं दोन महिन्यांत सायफनपर्यंत पोहोचतात. अळू उत्तम येतो.

वाफ्यात मूठभर गांडुळं सोडली की गाळ बराच काळ आटोक्यात राहतो. सडक्या अंड्याचा वास आला तर त्या कोपऱ्यात हवा पोहोचत नाही. तेवढीच खडी काढून टाकीच्याच पाण्यात खळबळा, नळाच्या नाही. एका महिन्यात एका वाफ्याच्या तिसऱ्या भागापेक्षा जास्त हात लावू नये. पाणी साचणाऱ्या दुसऱ्या कुठल्याही भांड्यात गप्पी सोडा, डेंग्यूच्या तपासणीला आलेल्यांशी हुज्जत टळते.

गावाला जायचं असेल तर दोन-तीन दिवसांसाठी खाद्याची काही व्यवस्था करू नका. जास्त दिवस असतील तर शेजाऱ्यांकडे डबा देऊ नका. दया म्हणून ते हमखास दुप्पट टाकतात. रोजच्या मापाच्या अर्ध्या वजनाच्या पुड्या बांधा, एक दिवसाआड एक, आणि डबा कपाटात ठेवून जा.