भाजीखालचे पाणी

कोलार्डची भाजी अमेरिकेच्या दक्षिणेत जवळजवळ वर्षभर मिळते, तरीही नॉर्थ कॅरोलायनातले जाणते लोक ती मनापासून शिजवायला घेतात ते रात्रीचे दव शेतात गोठू लागल्यानंतरच. कडक थंडी लागली की हे झाड पानांत साखर साठवू लागते आणि एरवी जिभेला जाणवणारा कडवटपणा मागे सरतो. इथे राहायला आल्यावर हे मी आधी ऐकले आणि मग चवीने मान्य केले. कोबी, फुलकोबी, नवलकोल आणि ब्रोकोली ही सगळी एकाच जातीच्या वनस्पतीची रूपे आहेत आणि कोलार्डही त्याच घरातले. फक्त ते गड्डा धरण्याच्या भानगडीत पडत नाही. पाने मोकळी, हातभर लांब, निळसर हिरवी आणि वर मेणाचा असा थर की नळाखाली धरले तर पाणी थेंब होऊन घरंगळून जाते.

हे पान आपल्या पालेभाजीच्या हिशेबाने शिजवता येत नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. मेथी किंवा पालक फोडणीत पडला की काही मिनिटांत काम उरकते, आणि जास्त वेळ ठेवला तर घरातले वडीलधारे भाजीचा जीव गेला म्हणून हळहळतात. कोलार्डच्या बाबतीत मात्र तासभर ही सुरुवात समजावी. त्याआधी धुण्याचा सोहळा असतो. पानांच्या सुरकुत्यांत बारीक रेती दडलेली असते, म्हणून सिंक भरून पाने बुडवायची, हलवायची आणि वर उचलून घ्यायची. पाणी ओतून देताना पाने त्यातच राहिली तर तळाची रेती पुन्हा त्यांच्यावरच बसते. तळ स्वच्छ दिसेपर्यंत हे करावे लागते. मग मधला जाड देठ काढून, पाने एकावर एक ठेवून, त्यांची गुंडाळी करून रुंद पट्ट्या कापायच्या. देठ फेकून देणे मला पटत नाही. बारीक चिरून ते पानांच्या थोडे आधी पातेल्यात टाकले तर छान मऊ होतात.

मात्र पाने पातेल्यात जायच्या आधी पाणी तयार झालेले असावे लागते, आणि या स्वयंपाकाचे खरे मर्म तिथेच आहे. डुकराच्या पायाचा घोट्याजवळचा, धूर दिलेला तुकडा, म्हणजे हॅम हॉक, कांदा, लसूण आणि लाल मिरचीच्या भरडीबरोबर तासभर मंद उकळत ठेवतात. आजकाल अनेक घरांत त्याऐवजी टर्कीचा धूर दिलेला पंख किंवा पाय घालतात, मीही तेच करतो. धूर दिलेल्या पॅप्रिकाची पूड घालून शाकाहारी भाजीही चांगली होते, पण ती वेगळी भाजी आहे असे माझे मत आहे. मीठ शेवटी चाखूनच घालावे, कारण खारवलेल्या मांसातून ते आधीच उतरलेले असते. पाने घातली की पातेले काठोकाठ भरते आणि झाकणही बसत नाही. थोड्याच वेळात सारे निम्म्याखाली येते. पुढे हिरवा रंग हळूहळू शेवाळी होतो, कारण उष्णतेने हरितद्रव्यातला मॅग्नेशियम निघून जातो. घरभर गंधकाचा वास पसरतो. तो कमी व्हावा म्हणून काही जण पातेल्यात अख्खा अक्रोड टाकतात. माझ्या नाकाला त्याचा उपयोग झालेला कळलेला नाही. व्हिनेगर मात्र अगदी शेवटी घालावे, कारण आंबटपणा आधी पडला तर पाने मऊ व्हायला फार वेळ घेतात.

एवढे झाल्यावर पातेल्यात जे उरते त्याला इथे पॉटलिकर म्हणतात. भाजीतले पाण्यात विरघळणारे बरेचसे सत्त्व या रसात उतरते. आपल्याकडे पुरणाचा कट जसा टाकून न देता त्याची आमटी होते, आणि पुष्कळांना पुरणपोळीपेक्षा तीच जास्त आवडते, तशीच या पाण्याची गोष्ट आहे. फरक असा की या पाण्यामागे गुलामगिरीचा इतिहास उभा आहे. गुलामांना आठवड्याचा शिधा म्हणून प्रामुख्याने मक्याचे पीठ आणि खारवलेले डुकराचे मांस मिळे. काही ठिकाणी झोपड्यांजवळच्या तुकड्यात भाजी लावायची मुभा असे. पाने मुरवून शिजवण्याची आणि रसासकट खाण्याची पश्चिम आफ्रिकेतली सवय त्यांच्याबरोबर आली होती. मालकाच्या टेबलावर पाने गेली आणि पाणी स्वयंपाक करणाऱ्यांकडे राहिले, असे इथे आवर्जून सांगितले जाते. आज दक्षिणेची म्हणून मिरवली जाणारी ही चव मुळात कृष्णवर्णीय बायकांच्या हातची आहे, हे सांगितल्याशिवाय तिचे कौतुक करणे मला अर्धवट वाटते.

पुढे ती सर्वांचीच झाली. नववर्षाच्या दिवशी चवळी म्हणजे नाणी, कोलार्ड म्हणजे नोटा आणि मक्याचा ब्रेड म्हणजे सोने, असे मानून गोरी-काळी सगळीच घरे हा बेत करतात. 2011 मध्ये साउथ कॅरोलायनाने कोलार्डला राज्याची भाजी म्हणून मान्यताही दिली. भारतात हे पान अनोळखी आहे असे मात्र नाही. काश्मीरमधला हाक याच कुळातला आहे, आणि तोही मोहरीच्या तेलात, हिंग-मिरची घालून, पाण्यासकट भाताबरोबर खातात.

मक्याचा ब्रेड पॉटलिकरमध्ये बुडवून खावा की कुस्करून, यावर 1931 मध्ये लुइझियानाचे गव्हर्नर ह्यूई लाँग आणि अटलांटा कॉन्स्टिट्यूशन हे वृत्तपत्र यांच्यात जाहीर वाद रंगला होता. लाँग बुडवणाऱ्यांचे पुढारी होते. न्यूयॉर्कचे तेव्हाचे गव्हर्नर फ्रँकलिन रूझवेल्ट यांनीही त्यात उडी घेऊन हा प्रश्न डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनातील समितीकडे सोपवावा असे सुचवले. मंदीच्या त्या दिवसांत लोकांना एवढे तरी हसायला मिळाले असेल. माझे मत विचाराल तर मी कुस्करणाऱ्यांच्या बाजूचा आहे, फक्त ब्रेड आदल्या दिवशीचा आणि साखर न घातलेला हवा. आणि वर व्हिनेगरमध्ये मुरलेल्या मिरच्यांच्या बाटलीतले चार थेंब.