१, २ आणि ३१

टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकलेल्या माणसाला या तीन आकड्यांचा अर्थ सांगावा लागत नाही. लायसन्स न घेता टॅली उघडलं की ते ‘एज्युकेशनल मोड’मध्ये चालतं. लेजर काढा, बॅलन्स शीट बघा, कशालाच ना नाही. फक्त व्हाउचरवर, म्हणजे व्यवहाराच्या नोंदीवर, तारीख टाकायची ती १, २ किंवा ३१. त्यामुळे क्लासमधल्या सरावाची दुकानं मोठी अजब चालतात. मार्चच्या एक तारखेला मालक भांडवल आणतो, त्याच दिवशी माल भरतो, फर्निचर घेतो. दोन तारखेला विक्री, पगार, दुकानभाडं, सगळं एका दमात. मग जो गायब होतो तो ३१ ला उगवतो, थेट घसारा लावायला. मधे कुणी तारीख बदलायचं एफ२ बटण दाबून हौसेनं १५ टाकली, तर टॅली ती घेतच नाही.

शिकू द्यायचं पण धंदा करू द्यायचा नाही, यासाठी इतकी नेमकी अडवणूक मी दुसरीकडे पाहिलेली नाही. बाकीच्यांनी सरळ दिवस मोजले. ‘३० दिवस वापरा, मग पैसे भरा.’

हे मोजणं तसं बाळबोध. प्रोग्रॅम पहिल्यांदा सुरू झाला की विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगांच्या वहीत, कुठेतरी आडबाजूला तारीख टिपून ठेवतो आणि पुढे दर वेळी वजाबाकी करतो. पण आजची तारीख विचारायची कुणाला? कॉम्प्युटरच्याच घड्याळाला. आणि ते घड्याळ तर आपल्या हातात! स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात डबल-क्लिक करायचं, महिना एकानं मागे न्यायचा, की मुदत संपलेलं सॉफ्टवेअर पुन्हा ताजंतवानं. त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागे. आत्ता केलेली फाइल तारखेनुसार लावली की जुन्यांच्या खाली जाऊन बसायची. घड्याळ फारच मागे नेलं, तर सुरक्षित वेबसाइटसुद्धा उघडेनात, कारण त्यांची सर्टिफिकेटं त्या तारखेला जन्मालाच आलेली नसत.

बनवणारेही काही दूधखुळे नव्हते. त्यांनी शेवटच्या वापराची वेळही टिपायला सुरुवात केली. कालच्यापेक्षा आज आधी उजाडलेला दिसला की दार बंद. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं तरी रजिस्ट्रीतली ती नोंद जागची हलत नसे. मग ती हुडकून पुसणारे निघाले, व्हर्च्युअल मशीनचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या नकली कॉम्प्युटरचा, स्नॅपशॉट (त्या क्षणाची जशीच्या तशी प्रत) घेऊन दर महिन्याला त्यावर परतणारे निघाले. क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली प्रत, शोधणारे तर असायचेच. त्या क्रॅकसोबत व्हायरसही घरी यायचा. एवढ्या खटपटीत निम्मं सॉफ्टवेअर स्वतः लिहून झालं असतं, असं मला नेहमी वाटतं.

या सगळ्या लपंडावात फाइली दाबून लहान करणारं विनरार मात्र निवांत. युजीन रोशाल या रशियन प्रोग्रॅमरनं ते लिहिलं. मुदत ४० दिवसांची. ४१ व्या दिवशी होतं काय, तर एक चौकट येते आणि लायसन्स घ्या म्हणून सांगते. ती बंद करा, पुढे खुशाल काम करा, वर्षानुवर्षं. ‘आज रोख उद्या उधार’ची पाटी लावून रोज उधार देणारा वाणीच म्हणायचा. यात भोळेपणा नाही, असं माझं मत. घरातल्या पोराकडून पैसे येणार नव्हतेच. त्याच्या हाताला सवय लागली, की तो उद्या ज्या ऑफिसात जाईल तिथे ऑडिटच्या धाकानं रीतसर लायसन्स घेतलं जातं. २०२३ मध्ये विंडोज ११ स्वतःच अशी दाबलेली रार फाइल उघडायला लागलं, तरी ती चौकट अजून येतेच.

आताच्या ट्रायलला आपल्या घड्याळाशी कर्तव्यच नाही. तारीख त्यांच्या सर्व्हरवर, आणि पहिल्याच दिवशी कार्ड किंवा यूपीआयचा ऑटोपे मागून घेतलेला. वापर संपला तरी मुदत कधी संपते हे लक्षात ठेवायचं काम आता आपलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे पैसे कापायच्या निदान २४ तास आधी सूचना येते, हे खरं. पण ती येते ओटीपी, प्री-अप्रूव्ह्ड लोन आणि रिचार्जच्या मेसेजांच्या गर्दीत. आणि आपण ती वाचतो पैसे गेल्याचा मेसेज आल्यावर, वर स्क्रोल करून.