सही नाकारली, तरी बँक हमी वटली

कंत्राटदाराने आगाऊ रक्कम घेऊन काम अर्धवट सोडलं. आमच्याकडे त्याच्या बँकेची बिनशर्त हमी होती, म्हणजे आम्ही मागताच पैसे देण्याचं बँकेचं लेखी वचन, म्हणून मुदत संपायच्या आत मी मागणीपत्र दिलं. बँकेचं उत्तर आलं: हमीपत्रावरची सही आमच्या अधिकाऱ्याची नाही.

बिनशर्त हमी मूळ करारापासून स्वतंत्र असते. काम कसं झालं, दोष कोणाचा, यात बँकेला शिरता येत नाही. आमच्या हमीला लागू असलेल्या, २०१० पासून अमलात आलेल्या यूआरडीजी ७५८ या आंतरराष्ट्रीय नियमावलीचं कलम ५ हेच सांगतं. पण सही नाकारली की भांडण निराळं होतं. हमी दिलीच नाही, असं बँकेचं म्हणणं असतं. तिथे 'बिनशर्त' या शब्दावर कितीही बोट ठेवा, आधी हमी बँकेचीच आहे हे दाखवावं लागतं.

वकिलांना हस्ताक्षरतज्ज्ञाकडे जायचं होतं. मी नको म्हणालो. आपला तज्ज्ञ एक सांगणार, त्यांचा दुसरं, आणि त्यात वेळ जाणार. त्यापेक्षा सही सोडून या हमीच्या खुणा आणखी कुठे आहेत, ते मी शोधत गेलो. हमीपत्र हाती आल्यावर आमच्या बँकेमार्फत खातरजमा करून घेतली होती, तो स्विफ्ट संदेश, म्हणजे बँकांच्या आपसातल्या संदेशजाळ्यावरून आलेला संदेश, सापडला. असा संदेश पाठवणाऱ्या बँकेच्या यंत्रणेतून प्रमाणित होऊन येतो, सहीचा प्रश्नच नसतो. त्याहून मोलाची ठरली मुदतवाढ. काम लांबलं तेव्हा याच बँकेने याच क्रमांकाच्या हमीची मुदत वाढवून दिली होती. न दिलेल्या हमीची मुदत कोण वाढवतं? हमीचं कमिशन कंत्राटदाराच्या खात्यातून कापल्याच्या नोंदीही आम्ही न्यायालयामार्फत मागवल्या.

मग बँकेने पवित्रा बदलला: सही आमच्या अधिकाऱ्याची असेल, पण एवढ्या रकमेची हमी देण्याचा अधिकार त्याला नव्हता. बँकेतली अंतर्गत मर्यादा बाहेरच्याला कशी कळावी? मुदतवाढ देताना तरी बँकेने ती पाहायला हवी होती. शेवटी मागणीपत्रातल्या मजकुराची उणीवही काढून झाली. इथे नियमावली कामी आली. मागणी तपासायला ५ कामकाजाचे दिवस मिळतात, आणि नाकारायची तर सगळ्या उणिवा त्याच मुदतीत, एकाच सूचनेत सांगाव्या लागतात. पहिल्या पत्रात मजकुराबद्दल अवाक्षर नव्हतं.

निकाल आमच्या बाजूने लागला. रक्कम व्याजासह जमा झाली.