तांबट आळी, तुळशीबाग, मंडई: मेट्रोने केलेला घरकामांचा फेरा

पुण्यात मेट्रोचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ऑफिसला जायला सोयीची आहे का? घरची कामं करायला ती कशी आहे, हे फारसं कुणी विचारत नाही. खरं तर पेठांमधली कामं हीच शहरातली सगळ्यात वैतागाची. अंतर थोडं, पण गाडी लावायला जागा नाही, एकेरी रस्ते, आणि एका फेरीत चार ठिकाणी थांबायचं. म्हणून एका शनिवारी सासूबाईंना घेऊन मी ही सगळी कामं मेट्रोने करायचं ठरवलं. त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे हा वृत्तांत ज्येष्ठांना बरोबर नेणाऱ्यांना जास्त उपयोगी पडेल.

आमचं घर पौड रस्त्याजवळ, म्हणून आनंदनगर स्थानकातून सुरुवात केली. तिकीट यंत्रावर, खिडकीवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर मिळतं. भाडं 10 ते 35 रुपये, आणि शनिवार-रविवारी त्यावर 30 टक्के सूट. आठवड्याच्या सामानाची फेरी शनिवारी काढायला हे कारण पुरेसं आहे. गाडीला तीन डबे असतात, त्यातला एक बायकांसाठी राखीव. सकाळी दहा-साडेदहानंतर तिथे बसायला जागा सहज मिळाली.

डेक्कनपासून पुढे गाडी मुठेच्या काठाने जाते. डेक्कन आणि संभाजी उद्यान या दोन स्थानकांची छपरं मावळ्यांच्या पगडीसारखी केली आहेत. आईंना ती खिडकीतून दाखवायची होती, पण आत असताना छप्पर कुठलं दिसणार! ती बघायची तर नदीपलीकडून बघा.

मार्गिका बदलायची जिल्हा न्यायालय स्थानकात, ज्याला सगळे सिव्हिल कोर्टच म्हणतात. इथे जरा सविस्तर सांगते, कारण पहिल्यांदा येणारा इथेच गोंधळतो. आमची, म्हणजे वनाजकडून येणारी गाडी वर पुलावर थांबते आणि स्वारगेटची गाडी जमिनीखाली सुमारे 33 मीटरवरून सुटते. म्हणजे दहा मजली इमारत उतरण्यासारखंच झालं. तिकीट नव्याने काढावं लागत नाही, पण सरकते जिने एकामागून एक लागतात. ज्यांना सरकत्या जिन्याची भीती वाटते त्यांच्यासाठी लिफ्ट आहे. ती कुठे आहे हे फलाटावर उतरल्या उतरल्या कर्मचाऱ्याला विचारून घ्या, आधी चालायला लागू नका. या बदलासाठी दहा मिनिटं हाताशी ठेवा. छप्पर असं केलंय की दिवसा सूर्यप्रकाश थेट खालच्या फलाटापर्यंत उतरतो. इतक्या खोल उन्हाचा कवडसा बघून आई क्षणभर थांबल्याच.

तिथून गाडी मुठेच्या खालून जाते आणि पुढचंच स्थानक कसबा पेठ. बाहेर पडलं की फडके हौद, आणि थोडं चाललं की तांबट आळी. ठोक्यांचा आवाज आधी ऐकू येतो, दुकानं नंतर दिसतात. आईंच्या माहेरच्या तांब्याच्या कळशीला पोचा आला होता. कारागिराने ती उलटी धरली, पोच्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "काकू, पोचा निघेल, पण मठार परत मारावी लागेल." मठार म्हणजे हातोडीच्या एकसारख्या ठोक्यांनी पत्र्यावर उठवलेली ती चकचकीत खवल्यांची नक्षी. तांबं ठोकलं की कडक होतं, म्हणून त्या ठोक्यांनी भांडं मजबूतही होतं. कळशी तिथेच ठेवली आणि हात मोकळे झाले.

कामांचा क्रम असाच लावा, हे माझं आग्रहाचं सांगणं. दुरुस्तीला टाकायच्या वस्तू आधी, हलकी खरेदी मधे, भाजी अगदी शेवटी. स्कूटरवर उलटसुलट चालतं, कारण सामान डिकीत जातं. मेट्रोत सामान खांद्यावरच असतं.

कसबा पेठ ते मंडई एकच स्थानक. पाय धड असतील तर बोहरी आळीतून चालत जा. वाटेत डबे, गाळण्या, दोऱ्या सगळं मिळतं आणि जिन्यांची चढउतार वाचते. आम्ही गुडघ्यांसाठी गाडी घेतली. तुळशीबागेत देवघराची समई, परकराच्या नाड्या अशी किरकोळ खरेदी झाली. विळी मात्र घेतली नाही. धारदार वस्तू मेट्रोत चालत नाहीत आणि प्रवेशावर पिशव्या यंत्रातून जातात. विळी, सुरी, कात्री घ्यायची असेल त्या दिवशी परतीला बस धरा.

मग महात्मा फुले मंडई. 1886 साली ती रे मार्केट म्हणून उघडली. वर अष्टकोनी मनोरा, खाली गाळे. थंडीचे दिवस, त्यामुळे आवळे, तुरीच्या शेंगा, सोलाणे, सगळं ताजं. आईंनी हात लावून, भाव बोलून, मनासारखी भाजी घेतली. बाहेर गाडी उचलून नेतील ही धास्ती नाही, म्हणून त्यांना घाई करावी लागली नाही. मला या फेरीतलं हेच सगळ्यात मोलाचं वाटलं. एक मोठी पिशवी नेण्यापेक्षा लांब बंदांच्या दोन न्या. जिन्यावर एक हात कठड्याला मोकळा राहतो. पेठांतली बरीच जुनी दुकानं दुपारी बंद असतात, म्हणून एकच्या आत उरका. संध्याकाळी सिव्हिल कोर्टला गर्दी होते, तेव्हा ओझं घेऊन गाडी बदलणं त्रासाचं.

कात्रज किंवा बिबवेवाडीकडच्यांनी पीएमपीच्या, म्हणजे शहर बससेवेच्या, बसने स्वारगेटला यावं, तिथून मंडई एकच स्थानक. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांच्या हद्दीत चालणारा पीएमपीचा दिवसाचा पास 70 रुपयांचा आहे. तीन-चार वेळा चढउतार होणार असेल तर तोच घ्या. बस कुठवर आलीय ते त्यांच्या अ‍ॅपवर बघूनच घरातून निघा. वेळ गाठायचीच असेल, म्हणजे डॉक्टरांची वगैरे, तर बसवर विसंबताना अर्धा तास जास्तीचा धरा.

नाटकाला जाणाऱ्यांसाठीही सांगते: बालगंधर्व रंगमंदिर संभाजी उद्यान स्थानकापासून चालत जाण्याजोगं आहे. दुपारच्या आणि संध्याकाळच्या प्रयोगाला मेट्रोने खुशाल जा. रात्री साडेनऊचा प्रयोग सुटेपर्यंत मात्र शेवटची गाडी निघून गेलेली असते, तेव्हा परतीची रिक्षा आधीच ठरवून ठेवा.