तुम्ही विचारलंत म्हणून: वाफेचं मॉडेल इंजिन का लंगडतं?

प्रश्न ठरलेला असतो. डिझेलचं मॉडेल रुळावर ठेवलं की सुरळीत निघतं, पण हौसेने जुळवलेलं डब्ल्यूपी (ब्रॉड गेजचं पॅसेंजर गाड्यांचं वाफेचं इंजिन) दोन वीत जातं आणि ठेचकाळतं. मोटर बदलली, रूळ पुसले, तरी तेच. असं का?

मोटर बहुतेक वेळा निर्दोष असते. डिझेलच्या मॉडेलमध्ये अ‍ॅक्सल गिअरने फिरतात, चाकांना बाहेरून काही बांधलेलं नसतं. वाफेच्या इंजिनात मोटर सहसा एकच अ‍ॅक्सल फिरवते आणि बाकीचे साइड रॉडने, म्हणजे चाकांना बाहेरून जोडणाऱ्या दांड्यांनी, ओढले जातात. डब्ल्यूपीला असे तीन अ‍ॅक्सल, डब्ल्यूजीला, म्हणजे मालगाडीच्या इंजिनाला, चार. म्हणून डब्ल्यूजी जास्त छळतं.

खऱ्या इंजिनात डाव्या-उजव्या क्रँक पिना (चाकावरच्या, रॉड अडकवायच्या खुंट्या) एकमेकींपासून 90 अंशांवर बसवलेल्या असतात. एका बाजूचा पिस्टन टोकाला पोचला की त्याचा जोर चाक फिरवायला उपयोगी पडत नाही, तेव्हा दुसऱ्या बाजूचा पिस्टन ऐन जोरात असतो. तसं नसतं तर पिस्टन टोकाला असताना थांबलेलं इंजिन तिथेच अडून बसलं असतं. मॉडेलमध्ये पिस्टन नुसता शोभेचा. तरीही साइड रॉडना हेच 90 अंश लागतात, कारण एका बाजूचा रॉड आडव्या रेषेत आला की मागची चाकं पुढे ढकलायची की मागे, हे दुसरी बाजूच ठरवते. या जुळणीला क्वार्टरिंग म्हणतात.

दुरुस्तीआधी दोष कुठे आहे ते शोधा. मोटर काढा, वर्म (मोटरच्या दांड्यावरचा स्क्रूसारखा गिअर) सुटा करा. चासी, म्हणजे चाकांसकट खालचा सांगाडा, काचेच्या तुकड्यावर ठेवून काच थोडी तिरकी करा. चासी स्वतःच्या वजनाने घरंगळली पाहिजे. अडली तर एका बाजूचे रॉड काढून पुन्हा सोडा, मग दुसऱ्या बाजूचे. एकेक बाजू सुरळीत जात असेल आणि दोन्ही लावल्यावरच अडत असेल, तर चूक क्वार्टरिंगची. एकटी बाजूही अडत असेल, तर रॉडच्या भोकांमधलं अंतर आणि अ‍ॅक्सलमधलं अंतर जुळत नाहीये. अडतं कुठे तेही पाहा. अंतराची चूक असेल तर पिना पुढच्या किंवा मागच्या टोकाला, अ‍ॅक्सलच्या रेषेत आल्या की अडतं. क्वार्टरिंग चुकलं असेल तर पिना तिरक्या, साधारण 45 अंशांवर असताना.

अंतराची चूक टाळायची तर मोजमापावर विसंबू नका. दोन्ही बाजूंच्या रॉडच्या पितळी पट्ट्या डाग देऊन एकमेकींना चिकटवा आणि भोकं एकदमच पाडा. तीच जोडी फ्रेमवर ठेवून अ‍ॅक्सलची भोकंही तिच्यातूनच पाडा. मग व्हर्निअरवर एखादा केस इकडेतिकडे झाला तरी सगळीकडे सारखाच होतो. पिन 1.5 मिमीची असेल तर भोक 1.6 पुरे. बारीक ड्रिल बिट पुण्याच्या बोहरी आळीत मिळतात, पण एकाच मापाचे चार घ्या, तुटतातच.

क्वार्टरिंगबद्दल एक गैरसमज आहे. कोन बरोबर 90 अंश हवाच असं नाही. 88 चालेल, 91 चालेल, सगळ्या अ‍ॅक्सलवर तोच हवा. 1:87 मापात डब्ल्यूपीचं चाक 19.6 मिमीचं, आणि पिन केंद्रापासून 4.1 मिमीवर. एका अ‍ॅक्सलची तीन अंशांची चूक पिनेपाशी 0.2 मिमी होते. भोकात ढिलाई 0.1 मिमीची. म्हणजे अडणारच. मोटरचा अ‍ॅक्सल प्रमाण माना, त्याला हात लावू नका. दुसरा त्याच्याशी जुळवा, काचेवर सोडून बघा, मगच तिसरा. चाक अ‍ॅक्सलवर चिकटवायचं ते सगळं घरंगळायला लागल्यावर.

कानस घेऊन भोकं लांबट करायचा मोह प्रत्येकाला होतो. इंजिन चालायला लागतंही, पण दिशा बदलली की रॉड खडखडतात आणि महिनाभरात पिना झिजतात. भोक एकदा मोठं झालं की नवा रॉड करण्यावाचून इलाज नाही.

बाकी कारणं किरकोळ. वळणावर पुढच्या बोगीची चाकं सिलिंडरला घासतात, दोन्ही धातूचे असले तर शॉर्ट होतं. पावसाळ्यात पुण्याच्या दमट हवेत रूळ काळवंडतात. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॉलिश पेपर नको, त्याच्या चरांत घाण आणखी बसते.

आणि हो, डेक्कन क्वीनला डब्ल्यूपी जोडू नका. ती गाडी 1 जून 1930 पासूनच विजेवर. पुण्यात वाफ हवी असेल तर डब्ल्यूपी दौंड-सोलापूरकडच्या गाडीला लावा, किंवा सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मीटर गेज असलेल्या मिरजेच्या लाइनवर वायपी, म्हणजे मीटर गेजचं पॅसेंजर इंजिन, चालवा.

खरी इंजिनंही लंगडायची, पण ते ऐकू यायचं. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात वाफेचे चार फुत्कार. व्हॉल्व्हची सेटिंग बिघडली की चार सारखे येत नाहीत, एखादा दबतो किंवा मागे पडतो. चित्तरंजनच्या रेल्वे इंजिन कारखान्याने शेवटचं ब्रॉड गेज वाफेचं इंजिन, ‘अंतिम सितारा’ हे डब्ल्यूजी, 1970 साली बाहेर काढलं. ब्रॉड गेजवरची नियमित वाफ संपली 6 डिसेंबर 1995 रोजी. मधल्या पंचवीस वर्षांत जुनीच इंजिनं चालत राहिली, रॉडच्या भोकांतले झिजलेले बुश (धातूची अस्तरं) खणखणत. त्या काळचं इंजिन करायचं असेल तर रंग फिका करा, काजळी लावा, पण चाकांत लंगड नको. ती आवाजात घाला. डब्ल्यूपी ताशी 60 किमीला सेकंदाला बारा फुत्कार टाकतं, त्यात काही कळणार नाही. ताशी 10 किमीला दोनच येतात. 1:87 मध्ये हा वेग सेकंदाला 3.2 सेंमी. तेवढ्या वेगाला साउंड डीकोडरमध्ये (मॉडेलमधून इंजिनाचा आवाज काढणारं सर्किट) चौथा फुत्कार जरासा उशिरा ठेवा.