गुणिले वीस

फोनवर मला सांगण्यात आलं ते असं : "नववीच्या काही मुलांनी डोक्यात भरवून घेतलंय की शाळा रात्रीची वीज जाळते. तुम्ही तज्ज्ञ आहात, एकदा येऊन समजावून सांगा." समजावणं हा माझा धंदा नाही, मी एनर्जी ऑडिटर आहे. पण हातात काम थोडं होतं आणि शाळा म्हणजे फार तर दोन दिवसांचा मामला, म्हणून हो म्हटलं.

आमच्या कामाबद्दल लोकांना वाटतं की आम्ही दिवे मोजतो आणि जुने काढून एलईडी लावा असं सांगतो. आमच्यातले बरेच जण तेवढंच करतात हेही खरं. मागच्या इमारतीचा अहवाल उघडायचा, नाव बदलायचं, फोटो बदलायचे. मी मात्र इमारत रिकामी झाल्यावर कामाला लागते. दिवसाचा लोड म्हणजे माणसं काय करतात ते. रात्रीचा लोड म्हणजे कुणाचंच लक्ष नाही ते.

मुलं अकरा होती. त्यांच्याकडे एक वही होती आणि तिच्यात ४१ दिवसांची नोंद. संध्याकाळी सातला मीटरचा आकडा, सकाळी सातला पुन्हा आकडा, शेवटच्या रकान्यात वजाबाकी. सरासरी साडेतीन युनिट. खाडाखोड होती, पण एकही दिवस मागाहून बसून भरलेला नव्हता. हे ओळखता येतं. खोट्या नोंदीत शाई आणि अक्षर शेवटपर्यंत एकसारखं असतं.

हिशेबनीसांनी वही दोन बोटांनी उलटी केली. "साडेतीन युनिट? अहो, माझ्या घरी याहून जास्त जातं." मुलांचे चेहरे उतरले. खरं सांगायचं तर मलाही वाटलं, चला, तासाभरात सुटका.

तरी सवयीने मीटरपाशी गेले आणि पट्टी वाचली. सीटी रेशो १००/५.

इतक्या मोठ्या जोडणीचा पूर्ण प्रवाह मीटरमधून जात नाही. मध्ये करंट ट्रान्सफॉर्मर बसवलेले असतात, तेच सीटी. शंभर अँपिअर गेले तर मीटरपर्यंत पाच पोचतात. म्हणजे मीटर विसावा हिस्सा मोजतो, आणि खरा वापर काढायला आकड्याला वीसने गुणायचं. साडेतीन नव्हे, ७० युनिट. रोज रात्री, कुलूप लावलेल्या इमारतीत.

मुलांना हे माहीत नसणं स्वाभाविक होतं. पण हिशेबनीस दर महिन्याला जे बिल भरतात त्यावर हा गुणक छापलेला असतो. मी तो त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "हो, ते असतं तसं." मुलांनी तक्रार फुगवली नव्हती, उलट वीसपट कमी सांगितली होती, आणि ती तेवढ्यावरच मोडीत निघणार होती.

दोन दिवसांचं काम तिथेच आठवड्याचं झालं. पॅनेल मी स्वतः उघडलं, मुलांना पिवळ्या पट्टीच्या मागे उभं केलं आणि सात रात्रींसाठी लॉगर, म्हणजे वापराची सतत नोंद ठेवणारं यंत्र, लावला. मधल्या वेळात त्यांना क्लॅम्प मीटर दिला, तारेभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणारा. एकाने तो कूलरच्या अख्ख्या केबलभोवती अडकवला आणि शून्य आलं. "मॅडम, हा बिघडलाय." बिघडला नव्हता. जाणारा आणि परत येणारा प्रवाह एकाच चिमट्यात आले की एकमेकांना खोडतात. मी तारा सुट्या केलेली एक एक्स्टेन्शन वायर सोबत ठेवते, ती दिली. एकाच तारेभोवती चिमटा लावल्यावर आकडा उठला आणि त्या पोराच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी बऱ्याच वर्षांत कुठल्या कारखान्यात ऐकलेला नाही.

आलेख निघाला तेव्हा तळाशी एक सपाट पठार होतं आणि त्यावर कंगव्याचे दात. पठार उलगडायला वेळ लागला नाही. कॉम्प्युटर लॅबमधली ४० यंत्रं "रात्री अपडेट येतात" म्हणून चालूच ठेवलेली. दर यंत्रामागे साठेक वॅट, म्हणजे २.४ किलोवॅट. रात्रभर कुणासाठी तरी पाणी गार करणारे चार कूलर मिळून एक किलोवॅट. सर्व्हर खोलीचा एसी सव्वाच्या आसपास. मागच्या बाजूचे दिवे अर्धा.

दात मात्र समजेनात. दर २२ मिनिटांनी बरोबर चार मिनिटं, उंची ३.७ किलोवॅट. तेवढा लोड म्हणजे पाच अश्वशक्तीची मोटर, म्हणजे नळांना दाब देणारा पंप. पण रात्री दोन वाजता नळ कोण उघडतं? मी पाइपलाइनचा नकाशा मागवला. तो मिळाला नाही. असे नकाशे मिळत नाहीत.

तेव्हा मागे उभी असलेली एक मुलगी म्हणाली, "दुसऱ्या मजल्यावरचा फ्लश सतत वाहतो. आम्ही लिहून दिलं होतं." दाब उतरतो, पंप उठतो, पुन्हा उतरतो. तक्रारवही काढली. नोंद पाच महिन्यांपूर्वीची, पुढच्या रकान्यात "पाहिले" आणि सही. पाहिले! माझ्या लॉगरला सात रात्री लागल्या, तिला उत्तर आधीपासून ठाऊक होतं.

इथवर सगळं माझ्या आवडीचं होतं. म्हणूनच त्या दुपारी मी थोडी सैल सुटले. मुलांना म्हटलं, "बघा, हातात फलक धरण्यापेक्षा मीटर धरलेला बरा." त्यांनी आधी दोन शुक्रवार फाटकाबाहेर फलक घेऊन ठिय्या दिला होता, हे मला कळलं होतं. ऑगस्ट २०१८ मध्ये ग्रेटा थुनबर्ग ही शाळकरी मुलगी हवामानबदलाच्या प्रश्नावर स्वीडनच्या संसदेबाहेर बसली, तेव्हापासूनचा तो शुक्रवारचा पायंडा. मला तसल्या गोष्टींचं फारसं कौतुक नाही. मग मी त्यांना चार्ल्स कीलिंग या अमेरिकी शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली, माझी लाडकी. १९५८ मध्ये, वयाच्या तिशीत, त्याने हवाईच्या मौना लोआवर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला घेतला. तेव्हा दहा लाखांत ३१५ भाग होता, आज ४२० च्या वर आहे. हे वाढतंय, असं जगाला ठामपणे म्हणता आलं ते कुणीतरी चिकाटीने मोजत राहिलं म्हणून.

तीच मुलगी म्हणाली, "म्हणजे १९५८ पासून मोजतायत."

"हो."

"आमची वही चार आठवडे ऑफिसात पडून होती, मॅडम. कुणी उघडली नाही. दुसऱ्या शुक्रवारी बसलो, आणि सोमवारी तुम्हाला फोन गेला."

आवाजात उर्मटपणा नव्हता. ती तारखा सांगत होती, आणि माझ्या डायरीतही फोन सोमवारचाच होता. तिच्या शेजारचा मुलगा म्हणाला, पॅसिफिकमधल्या २७ विद्यार्थ्यांकडेही मोजायचं काही नव्हतं. कायद्याची मुलं. २०१९ मध्ये त्यांनी बेटांवरच्या सरकारांना पत्रं लिहायला घेतली. वानुआतू या बेटराष्ट्राने ते उचलून धरलं, विषय संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत गेला, आणि जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की हवामान राखणं हे राष्ट्रांवरचं कायदेशीर बंधन आहे. मी म्हटलं, ते मत बंधनकारक नसतं. तो म्हणाला, "माहितेय. तुमचा अहवाल तरी कुठे असतो?"

यावर मी क्लॅम्प मीटर पेटीत ठेवायला घेतला.

एका लहानशा मुलाने जाता जाता विचारलं की ७० युनिटने असं काय होणार. ते मला सांगता आलं : वीज कोळशाची असेल तर युनिटमागे साधारण किलोभर कार्बन डायऑक्साइड, म्हणजे रात्रीला सत्तर किलो, तुझ्यापेक्षा जास्त वजन. पोरं हसली. मग तो म्हणाला, "आणि बाकीच्या इमारती?" ते माझ्या कामाच्या कक्षेत येत नाही, हे खरं आहे आणि तेच मी त्याला सांगितलं.

फ्लश अर्ध्या तासात दुरुस्त झाला. कूलरना टायमर बसले, लॅबला रोज बंद करायचा नियम लागला. अहवालात मी मुलांची वही परिशिष्ट एक म्हणून जोडली. अहवाल जरा व्यावसायिक दिसावा म्हणून ती काढा, अशी सूचना आली. मी काढली नाही, शेवटी नेली. परिशिष्ट सहा.

पंधरा दिवसांनी शाळेचं परिपत्रक माझ्याकडे सौजन्यप्रत म्हणून आलं. वीजबचतीचं अभिनंदन, आणि खाली चौकटीत : "हातात फलक धरण्यापेक्षा मीटर धरलेला बरा, असे तज्ज्ञ ऑडिटर यांनी विद्यार्थ्यांना सांगितले." त्याखालच्या ओळीत शाळेच्या वेळेत फाटकाबाहेर बसण्यास मनाई. वाक्य माझंच आहे, त्यामुळे खोटं छापलंय असंही म्हणता येत नाही. पत्राचा मसुदा दोनदा लिहिला, दोनदा पुसला. त्याच संस्थेच्या आणखी तीन इमारतींचं काम येऊ घातलंय, हेही इथे सांगून टाकते.

काल मुलांची मेल आली. बारा रात्रींचा तक्ता, आता चार रकान्यांचा. सरासरी १.६, गुणिले २०, बरोबर ३२. तक्त्याखाली एक ओळ : "येत्या शुक्रवारी आम्ही बसणार आहोत. शाळा सुटल्यावर."

मी तक्ता दोनदा तपासला आणि उत्तरात लिहिलं, गुणाकार बरोबर आहे. शुक्रवारबद्दल काही लिहिलं नाही.