तुम्ही विचारलंत म्हणून: परक्या मुलीला रशियाची गादी मिळाली कशी?

कॅथरिन द ग्रेटचा विषय निघाला की एक प्रश्न ठरलेला असतो. जर्मन मुलगी, रशियन राजघराण्याशी रक्ताचं नातं नाही, नवऱ्यालाच गादीवरून खाली ओढलं. तरी रशियानं तिला ३४ वर्षं राज्य करू दिलं, ते कसं? बहुतेकांना उत्तर तिच्या प्रेमप्रकरणांत हवं असतं. माझ्या मते ते आधी कायद्यात शोधावं.

पीटर द ग्रेटनं १७२२ मध्ये ठरवून टाकलं की वारस कोण, हे बादशहानंच नेमायचं. थोरल्या मुलाचा हक्क गेला. आणि १७२५ मध्ये तो स्वतःच वारस न नेमता वारला. तेव्हापासून गादीचा निकाल राजधानी पीटर्सबर्गमधल्या गार्ड पलटणी, म्हणजे बादशहाच्या खास रक्षक तुकड्या, लावू लागल्या. त्याच्यामागे त्याची बायको पहिली कॅथरिन म्हणून बसली, तीही सामान्य घरातली, रशियाबाहेरून आलेली. १७४१ मध्ये पीटर द ग्रेटची मुलगी एलिझाबेथनं प्रेओब्राझेन्स्की पलटणीचे शिपाई घेऊन तान्ह्या बादशहाला, सहाव्या इव्हानला, रातोरात हटवलं. त्यामुळे १७६२ मध्ये कॅथरिननं नवऱ्याला हटवलं, ते पीटर्सबर्गला अगदीच नवं नव्हतं.

आपली कॅथरिन, मूळ नाव सोफी, १७२९ मध्ये श्टेटिनला जन्मली. बाप प्रशिया या जर्मन राज्याच्या सैन्यात जनरल, कट्टर लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंट. एलिझाबेथनं तिला भाच्यासाठी, म्हणजे होल्श्टाइन या जर्मन संस्थानाच्या पीटरसाठी, बोलावून घेतलं. १७४४ च्या फेब्रुवारीत ती मॉस्कोला पोचली तेव्हा १४ वर्षांची होती. आदादुरोव्ह रशियन शिकवायचे, पाद्री सिमोन तोदोर्स्की रशियाचा ऑर्थोडॉक्स धर्म. रात्री अनवाणी फिरत धडे पाठ करताना तिला छातीचा जबर आजार जडला, पुन्हा पुन्हा रक्त काढावं लागलं. आई म्हणाली, लुथरन पाद्री बोलावू. मुलगी म्हणाली, तोदोर्स्कींना बोलवा. ही हकिकत तिच्याच आठवणींतली, तेव्हा स्वतःची बाजू सजवलेली असणार. पण या दरबारात कशाची किंमत होते हे तिला किती लवकर कळलं, ते त्यातून दिसतं. २८ जून १७४४ ला तिनं ऑर्थोडॉक्स धर्म घेतला, येकातेरिना अलेक्सेयेव्हना झाली. (इथल्या रशियातल्या तारखा जुन्या पंचांगाच्या आहेत, युरोपपेक्षा ११ दिवस मागे.)

पुढच्या वर्षी लग्न. १७५४ मध्ये मुलगा पावेल झाला आणि एलिझाबेथनं तो जन्मताच ताब्यात घेतला.

२५ डिसेंबर १७६१ ला एलिझाबेथ गेली आणि कॅथरिनचा नवरा तिसरा पीटर म्हणून गादीवर आला. तेव्हाच उठाव का केला नाही, असंही विचारतात. कारण साधं होतं: कॅथरिनला तिचा प्रियकर ग्रिगोरी ओर्लोव्ह याच्यापासून दिवस गेले होते. ते मूल एप्रिलमध्ये गुपचूप जन्मलं. एलिझाबेथच्या अंत्यविधीपर्यंत ती काळे कपडे घालून शवपेटीपाशी तासन् तास गुडघे टेकून बसत राहिली. सैल काळ्या कपड्यांत पोट झाकलं गेलं आणि लोकांना तिची भक्तीही दिसली.

दरम्यान पीटर एकेक गट दुखावत होता. तो निव्वळ मूर्ख होता असं मला वाटत नाही. गुप्त पोलीस खातं त्यानं बंद केलं, सरदारांवरची सक्तीची चाकरी काढली. पण प्रशियाकडून लढून जिंकलेला मुलूख त्यानं फुकट परत केला, गार्डांच्या अंगावर प्रशियन धाटणीचे गणवेश चढवले, चर्चच्या जमिनींना हात घातला आणि होल्श्टाइनच्या जुन्या भांडणासाठी डेन्मार्कवर स्वारी काढली. वर मॉस्कोला जाऊन राज्याभिषेकही करून घेतला नाही.

ओर्लोव्हचं खरं महत्त्व इथं कळतं. ग्रिगोरी तोफखान्याचा खजिनदार होता, त्यामुळे पैसा हाताशी. भाऊ गार्डांमध्ये, त्यामुळे बराकीत ऊठबस. ३० ते ४० अधिकारी आणि सुमारे १०,००० शिपाई आपल्या बाजूला होते, असं तिनं पुढे आपला जुना प्रियकर पोनियातोव्स्की याला पत्रात लिहिलं.

तरी बेत फुटायची वेळ आलीच. २७ जूनला कटातला कॅप्टन पासेक पकडला गेला. तो बोलला असता तर सगळं संपलं असतं, म्हणून वाट बघायला वेळच उरला नाही. २८ च्या पहाटे ग्रिगोरीचा भाऊ अलेक्सेई ओर्लोव्हनं शहराबाहेरच्या पीटरहॉफ राजवाड्याला जाऊन तिला झोपेतून उठवलं, घोडागाडीत घातलं. शहरात पहिला मुक्काम इझमाइलोव्स्की पलटणीचा, कारण त्या पलटणीचा प्रमुख किरिल रझुमोव्स्की कटात होता. पाद्र्यानं क्रूस पुढे धरला, शिपायांनी शपथ घेतली. मग सेम्योनोव्स्की. प्रेओब्राझेन्स्कीत काही अधिकारी अडून बसले होते, पण शेवटी तीही आली. पुढे कझान चर्चमध्ये आशीर्वाद, मग हिवाळी राजवाडा. जाहीरनामा तयारच होता: रझुमोव्स्की विज्ञान अकादमीचाही अध्यक्ष, आणि अकादमीचा छापखाना होता.

सगळ्यात नाजूक गोष्ट शपथेच्या मजकुरात होती. पावेलचा शिक्षक पानिन कटात होता, पण त्याला ती पावेलची पालक म्हणून हवी होती. शिपायांकडून शपथ घेतली गेली ती स्वतंत्र सम्राज्ञी म्हणून तिच्या नावाची. पावेल फक्त वारस. पानिनचा बेत तिथंच बुडाला.

पीटरकडे होल्श्टाइनचे हजार-दीड हजार सैनिक होते. म्हातारा फील्ड मार्शल म्युनिख सांगत होता, क्रोनश्टाट हा बेटावरचा आरमारी किल्ला गाठा. पीटरनं दिवस वाया घालवला. शहरात पाठवलेले तीन बडे सरदार परतले नाहीत. मध्यरात्रीनंतर तो क्रोनश्टाटला पोचला तोवर अ‍ॅडमिरल तालिझिननं ते कॅथरिनच्या नावानं ताब्यात घेतलं होतं. माझ्या मते राज्य हातचं गेलं ते त्या वाया घालवलेल्या तासांत. इकडे ती गार्डांचा जुना गणवेश घालून घोड्यावर बसली आणि फौज घेऊन पीटरहॉफकडे निघालीसुद्धा. २९ ला त्यानं राजीनाम्यावर सही केली.

६ जुलैला पीटर्सबर्गजवळच्या रोप्शाला, अलेक्सेई ओर्लोव्हच्या पहाऱ्यात, तो मेला. जाहीर कारण मूळव्याध आणि पोटशूळ. तिनं हुकूम दिल्याचा पुरावा नाही. पण कुणाला शिक्षाही झाली नाही, आणि हे मला विसरता येत नाही. पीटरनं टाळलेला राज्याभिषेक तिनं २२ सप्टेंबरला मॉस्कोत उरकून घेतला.

पावेलनं यातलं काहीच विसरलं नाही. ती १७९६ मध्ये गेल्यावर त्यानं आपल्या राज्याभिषेकाच्या दिवशी, ५ एप्रिल १७९७ ला, नवा वारसा कायदा जाहीर केला: आधी मुलगे, त्यांचे मुलगे, आणि घराण्यात एकही पुरुष उरला नाही तरच स्त्री. त्यानंतर रशियाच्या गादीवर बाई बसली नाही.